अपिलातली गाठ

बाबा, आज दुपारपासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. घरी आले, पाय धुतले, चहा ठेवला आणि तो उतू गेल्यावर लक्षात आलं की साखर टाकलीच नव्हती. भाजी चिरायला घेतली, अर्धी चिरून तशीच ताटात ठेवली. खिडकीशी बसले, पुन्हा उठले. शेवटी ऑफिसातून आणलेले कोरे कागद काढले आणि हे लिहायला बसले. तुम्हाला जाऊन बारा वर्षं होऊन गेली. तुम्हाला वाचता येत होतं, पण सावकाश, ओळीखाली बोट धरून. म्हणून अक्षर मोठं काढते आहे. कोणासाठी काढते आहे, देव जाणे.

झालं एवढंच, की आज वकीलबाईंकडे एक कामगार आला होता, बायकोला घेऊन. सूतगिरणीतला. पाठीवर गाठोडं पडून कंबर गेलेली, विम्याचा दावा नामंजूर, हातात तेच खाकी पाकीट. तुम्ही बसायचात त्याच बाकावर बसला आणि तुमच्यासारखाच ताठ बसला. बाईंनी त्याला आत घेतलं, तेव्हा त्याच्या बायकोनं मला दरवाजाआड ओढलं आणि कानाशी लागून काही सांगितलं. काय सांगितलं ते पुढं लिहिते. आधी तुमचं लिहायचं आहे. हो, मी अजून बाईंकडेच आहे. सदर भागातलं तेच ऑफिस, तोच लोखंडी जिना. बाई थकल्या आहेत, एका कानानं कमी ऐकू येतं, पण समोरच्या वकिलाचं जे ऐकायचं नाही तेवढंच ऐकू येत नाही असा माझा संशय आहे. अपिलं मीच टाईप करते. किती केली असतील, मोजदाद नाही. पहिलं तुमचं होतं.

तुम्ही आधी कसे होतात ते मला आठवायला लागतं, कारण नंतरचेच तुम्ही डोळ्यांपुढं येता. आधीचे तुम्ही म्हणजे मिलच्या भोंग्याआधी उठणारे, विहिरीवर थंड पाण्यानं आंघोळ करून, कपाळाला बुक्का लावून पहिल्या पाळीला निघणारे. तुमच्याकडं दोन माग होते. दोन माग सांभाळणारा विणकर म्हणजे काय, हे तुम्ही मला मी दहा-अकरा वर्षांची असताना स्वयंपाकघरात शिकवलंत. आई पोळ्या लाटते आहे, तुम्ही पाटावर बसला आहात, आणि खिशातून सुताचे दोन तुकडे काढता. खिशात सूत नाही असा तुमचा सदरा मी कधी पाहिला नाही. धुताना आई वैतागायची. तुम्ही दोन टोकं एकमेकांवर ठेवता, अंगठा आणि बोट काहीतरी करतात, आणि गाठ बसलेली असते, इतकी बारीक की नखालाही लागू नये. मी मान खाली घालून, डोळे ताणून तसंच करायला जाते, तर तुम्ही माझी हनुवटी धरून वर करता. "अवं पोरी, खाली काय पाहून राहिली? गाठ बोटानं मारा लागते. डोळे दुसऱ्या मागावर पाहिजेत. इकडचं सूत जोडता जोडता तिकडचं तुटलं तं कोन पाहीन?" मग तुम्ही आईकडं बघत, तिच्याशी पोळीच्या जाडीवरून वाद घालत, हाताखाली न बघता चार गाठी मारून दाखवल्यात. आई म्हणाली, "पोळीले नावं ठेवाले बी तुमचा तिसरा माग आहे जी." तुम्ही किती हसला होतात.

मी मॅट्रिक झाले आणि सीताबर्डीला टायपिंगच्या क्लासला जायला लागले, त्या वर्षी तुमचा अपघात झाला. मागावरून धोटा उडाला. धोटा म्हणजे ज्याच्या पोटात सूत भरलेलं असतं आणि जो मागावर या टोकाहून त्या टोकाला धावतो, तो लाकडी तुकडा. त्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी टोच असते. ती तुमच्या उजव्या मनगटात घुसली. विम्याच्या दवाखान्यात टाके पडले, जखम भरली, बोटं पाचच्या पाच राहिली. ज्यानं त्यानं येऊन तेच म्हटलं, नशीब थोर, बोट एकही गेलं नाही. तुम्हीही म्हणायचात. टाके निघाल्यावर तुम्ही दिवसभर ओट्यावर बसून मूठ वळायचात आणि सोडायचात. आईनं तोवर विड्या वळायला सुरुवात केली होती. तुम्ही एकदा तिच्यासमोर बसून विडीला दोरा बांधायला घेतलात, दोन विड्या फाडल्यात, आणि "हे बायकाईचं काम आहे" म्हणून उठून गेलात.

मग मेडिकल बोर्डाचं बोलावणं आलं. हाताचं कायमचं किती नुकसान झालं ते डॉक्टर बघणार, आणि त्यावरून विम्याचा पगार ठरणार, एवढं सगळं त्या कागदात होतं. पण तुमच्या डोक्यात बोर्ड म्हणजे मिलची भरती. तुम्ही सोळाव्या वर्षी मिलमध्ये लागलात तेव्हा एका डॉक्टरनं छाती ठोकून, दात पाहून पास केलं होतं, आणि ते पास होणं तुम्ही जन्मभर सांगत होतात. तसंच हे. तुम्ही इस्त्रीचा सदरा घातलात. खिशात सूत टाकलंत. दुपारी परत आलात ते इतके खूश, की येताना आलुबोंडे घेऊन आलात. "थो डॉक्टर पाहतच राह्यला," तुम्ही आईला सांगत होतात. "म्हणे, वा!"

पंधरा-वीस दिवसांनी खाकी पाकीट आलं. इंग्रजीत होतं. घरात इंग्रजी येणारी मी एकटी, म्हणून तुम्ही माझ्यासमोर मांडी घालून बसलात. आई दाराशी. मी पहिली ओळ वाचली, मनात जुळवली आणि म्हटलं, "बाबा, यात लिहिलंय, तुमच्या हाताला कायमचं काही नुकसान झालेलं नाही." पुढची ओळ वाचेपर्यंत तुम्ही उभे होतात. पाकीट माझ्या हातून घेतलंत, देवापुढं ठेवलंत, हात जोडलेत. पुढच्या ओळीत दावा नामंजूर केल्याचं होतं, आणि तिसऱ्या ओळीत अपील करायचं तर मुदतीत करा असं होतं. मी म्हणाले, "बाबा, आणखी आहे." तुम्ही म्हणालात, "असू दे वं. मुद्द्याचं झालं." आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही ते नामंजुरीचं पत्र घेऊन मिलमध्ये गेलात, हात चांगला झाल्याचं सर्टिफिकेट म्हणून. मी अडवू शकले असते. पण तुमच्या चेहऱ्यावर इतक्या महिन्यांनी उजेड आला होता आणि माझ्याच्यानं तो विझवला गेला नाही. आज मी कोणालाही पत्र वाचून दाखवते तेव्हा शेवटची ओळ आधी वाचते. ही सवय तुमच्यामुळं लागली.

मिलनं तुम्हाला अर्धी पाळी मागावर उभं केलं. दुपारी तुम्ही घरी आलात, सदरा खुंटीला लावला, आणि म्हणालात की सूत खराब होतं. इतकं खराब सूत की तुटलेलं जोडेपर्यंत दुसरं तुटायचं. जॉबरनं, म्हणजे खात्याच्या मुकादमानं, माग बंद करून तुम्हाला खात्याबाहेर काढलं, हे आम्हाला शेजाऱ्यांकडून कळलं. झालं. मिल म्हणे हात गेला, आणि बोर्ड म्हणे हात शाबूत आहे. मधल्या मधे तुम्ही ओट्यावर. तुम्ही त्या दिवसांत सारखे उठायचात, चौकापर्यंत जायचात, परत यायचात, पाणी प्यायचात, पुन्हा जायचात. ही माझी बूड न टेकण्याची खोड आईकडून नाही आली बाबा, ती तिथून आली आहे.

वकीलबाईंचं नाव आईनं काढलं. विड्यांच्या कारखान्यात पानं आणायला गेली की तिला जगाची खबर लागायची. सदरला एक वकीलबाई आहे, कामगारांच्या विम्याचे खटले लढते, बोलते तिखट पण काम चोख. तुम्ही म्हणालात, "बाईमाणूस वकील? साहेब तिचं ऐकीन?" आई म्हणाली, "माहं तुम्ही कुठं ऐकता जी? पण शेवटी होते तं माह्याच मनासारखं." तरी तुम्ही चार दिवस टाळलंत. मुदत संपायला आठवडा राहिला तेव्हा आईनं मला तुमच्याबरोबर धाडलं. मला आठवतं, आपण चालत गेलो. तुम्ही रस्त्याच्या उन्हाच्या बाजूनं चालत होतात आणि मला सावलीच्या बाजूला ठेवत होतात, आणि सारखं म्हणत होतात की नुसतं विचारून येऊ.

बाई टेबलामागं बसल्या होत्या. पांढरं पातळ, तोंडात लवंग, पायात पुरुषी चपला. पत्र वाचायला त्यांना पाणी प्यायला लागतो तेवढाच वेळ लागला. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, "बोर्डापुढे काय काय झालं, तेवढं सांगा. गाळू नका काही."

तुम्ही खुलून सांगायला लागलात. "पहिले हात पाह्यला जी. म्हणे मूठ वळा. वळली. म्हणे पेन धरा. धरला. मंग मीच म्हटलं, पेनाचं काय घेऊन बसले साहेब, विनकर आहो मी. थांबा." आणि खिशातून सूत काढून तुम्ही बाईंपुढं गाठ मारून दाखवलीत. वेळ लागला, पण बसली.

बाई काही क्षण त्या गाठीकडं बघत राहिल्या. "म्हणजे दावा तुम्हीच स्वतःच्या हातानं बुडवला," त्या म्हणाल्या. "अहो भाऊ, हा काय भरतीचा बोर्ड होता? इथं जो पास होतो तो घरी बसतो."

"हात चांगला आहे हे नाही दाखवलं तं मागावर कोन घेईन, बाई?"

"आणि घेतलं का?"

तुम्ही ते सूत गुंडाळून खिशात टाकलंत. मी जमिनीकडं बघत होते. बाईंनी दुसरी लवंग तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "मी अपील लिहिते. पण एक सांगते. मी कोणाला नाटक शिकवत नाही. हात दुखत नसेल तर दुखतो म्हणू नका. पण जे नाही होत, ते होतं म्हणून दाखवायचंही नाही. तेसुद्धा खोटंच." त्यांचा टायपिस्ट नोकरी सोडून गेला होता, आणि मला टायपिंग येतं म्हणताच त्यांनी मला मशीनपुढं बसवलं. तुमचं अपील मी टाईप केलं. तुम्ही मागं उभे राहून माझी बोटं बघत होतात. म्हणालात, "हे बरं आहे. न पाहता मारते."

परत येताना मी तोंड उघडलं. शेजारीपाजारी सगळे सांगत होते, हात गळ्यात बांधून जा, थरथर कापा, पाण्याचा पेला पाडा. मी तेवढंही नाही म्हटलं. मी म्हटलं, "बाबा, पुढच्या वेळी गाठ नका दाखवू ना. थोडं कमी दाखवा." तुम्ही भर रस्त्यात थांबलात. मागून सायकलवाला घंटी वाजवत होता. "काहून वं?" तुम्ही म्हणालात. "मी भीक मांगून राहिलो का? हा हात लुळा आहे म्हणून सांगू? या हातानं तुले शिकवलं. याच हाताचं तू मले खोटं बोलाले लावतं?" मी काही बोलायच्या आत तुम्ही पुढं निघालात, आणि घर येईपर्यंत मागं वळून पाहिलं नाहीत. मग तीन दिवस अबोला. निरोप आईच्या मार्फत. "तिले सांग, पाणी तापलं." "तिले सांग, क्लासची वेळ झाली." मी समोरच उभी असायची. आई म्हणायची, "पोस्टात लावा मले, दोघाईच्या चिठ्ठ्या वाटत फिरते."

जरा उठून आले. शेजारच्या घरात टीव्ही मोठ्यानं लागला आहे, तो बंद करायला सांगावं म्हणून दारापर्यंत गेले आणि परत आले. खरं म्हणजे टीव्हीचा काही त्रास नव्हता. पुढचं लिहायचं टाळत होते.

चौथ्या दिवशी सकाळी आई नळावर गेली होती. मी चहा गाळला. पितळी पेले होते आपले, तुम्हाला स्टीलमधला चहा गोड लागत नसे. पेला इतका तापला होता की मी पदराच्या टोकानं धरून तुमच्यापुढं ठेवला. तुम्ही खिडकीबाहेर कोणाला तरी हाक मारत होतात. बोलता बोलता उजव्या हातानं पेला उचललात आणि धरून बसलात. मी बघते आहे. तुम्ही बोलताय. पेला तुमच्या मुठीत. मी ओरडले, "बाबा, हात!" तुम्ही दचकून खाली बघितलंत, पेला ठेवलात, आणि तळहात उघडलात. बोटांची कातडी पांढरी पडून वर आली होती. तुम्ही त्या हाताकडं दुसऱ्या कोणाचा तरी असल्यासारखं बघत राहिलात. आग नाही, कळ नाही. मी पाणी आणलं, हात बुडवला. तेव्हा तुम्ही अबोला सोडलात. माझ्याकडं न बघता म्हणालात, "या तीन बोटाईले काई कळत नाही, पोरी. धोटा लागला तवापासून. सूत आहे का नाही, थे पाहा लागते." मग माझा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवलात. "आईले सांगजो नोको. कोनालेच सांगजो नोको. माह्या गळ्याची आन आहे तुले." गळ्याखाली काहीतरी हललं, ते माझ्या बोटांना लागलं. मी म्हटलं, नाही सांगणार. आई आली तेव्हा तुम्ही तिला फोड चुलीच्या लाकडानं आला म्हणून सांगितलंत. आणि मला म्हणालात, "क्लासले उशीर होऊन राहिला तुले." थेट मला. मला इतका आनंद झाला की जाताना सीताबर्डीपर्यंत मी जवळजवळ पळतच गेले.

सुनावणी ऐन मे महिन्यात होती. खोलीला वाळ्याचे पडदे, त्यांवर शिपाई पाणी मारत होता. अपील ऐकणारे साहेब मधे, बाजूला एक वयस्कर डॉक्टर. बाईंनी टिपणं काढायला दिलेली वही घेऊन मी त्यांच्या मागं बसले होते. विम्याच्या वकिलानं जुन्या बोर्डाचा कागद वाचला. त्यात गाठीचा उल्लेख होता, खास. तुम्ही माझ्याकडं बघून मान हलवलीत, बघ म्हणून. मग बाई उठल्या. मला वाटलं आता त्या कायद्याचं काही बोलतील. त्या म्हणाल्या, "भाऊ, सूत आहे का खिशात?"

असणारच होतं. "मारा गाठ," त्या म्हणाल्या. तुम्ही मान खाली घातलीत, दोन टोकं धरलीत, डोळे बारीक केलेत, आणि मारलीत. साहेबांना वर करून दाखवलीत. विम्याचा वकील हसून खाली बसला. मग बाईंनी विचारलं, "तुमच्याकडे माग किती होते?"

"दोन, बाई."

"एका मागावर गाठ मारताना डोळे कुठं ठेवायचे?"

तुम्ही लगेच म्हणालात, "दुसऱ्या मागावर." अभिमानानं म्हणालात.

"मग तशी मारा. साहेबांना दुसरा माग समजा. त्यांच्यावरनं नजर हलू देऊ नका."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. एकदाच. मी वहीत डोकं घातलं. मग तुम्ही साहेबांकडं बघायला लागलात, छाती काढून, मागापुढं उभं राहावं तसे. बोटं हलायला लागली. पहिल्याच वेढ्याला सूत निसटलं आणि फरशीवर पडलं. तुम्हाला कळलं नाही. बोटं चालूच. अंगठ्याखालून घेतलं, वळवलं, ओढलं, तीस वर्षांचा सराव तो. हातात काही नाही आणि गाठ मारणं चाललं आहे. शिपाई पाणी मारायचा थांबला. तुम्ही साहेबांवरची नजर हलू न देता हात पुढं केलात आणि म्हणालात, "झाली, साहेब."

डॉक्टर उठून आले, फरशीवरून सूत उचललं, तुमच्या हातात दिलं. मग खिशातून टाचणी काढून त्यांनी तुमची बोटं एक एक करून तपासली, तोंड भिंतीकडं करायला लावून. टोचलं का. नाही. आता. नाही. आता. नाही साहेब. तुम्ही सगळं खरं बोललात. त्या दिवशी तुम्ही एक शब्द खोटा बोलला नाहीत, आणि कमी करूनही काही दाखवलं नाहीत. अपील मंजूर झालं. दर महिन्याचा विम्याचा पगार शेवटपर्यंत आला, त्यावर घर चाललं, आईनं विड्या सोडल्या नाहीत तरी कमी केल्या.

बाहेर कडुनिंबाखाली तुम्ही मला विचारलंत, "सूत कवा पडलं वं?" मी म्हटलं, "शेवटी शेवटी, बाबा." तुम्ही मान हलवलीत. त्यानंतर तुमच्या खिशात मी सूत पाहिलं नाही. धुणं धुताना आईही काही बोलली नाही.

पण बाईंवर तुम्ही जीव टाकलात. चौकात, पानठेल्यावर, पाहुण्यांत, जिथं तिथं तेच. "बाईची नजर म्हणजे जॉबरची नजर. म्या एकदा गाठ मारली तिच्यापुढं, अन् तिनं एकाच नजरेत वळखलं. डॉक्टराले नाही समजलं, तिले समजलं." मला त्यांच्याकडं नोकरी लागली तेव्हा तुम्ही ट्रंकेतून एक झिजलेला जुना धोटा काढून मला दिलात, पंख्यानं कागद उडतात म्हणून. "बाईजवळ राह्य," म्हणालात. "नजर शिक तिची." तो धोटा आजही माझ्या टेबलावर कागदांवर असतो. शेवटच्या आजारपणातही मी ऑफिसातून आले की तुम्ही पहिलं विचारायचात, बाई कशी आहे. एकदा खूप ताप होता, तेव्हा मी सांगायला तोंड उघडलंही होतं. तुम्ही म्हणालात, "बाईले नमस्कार सांगजो," आणि मी म्हटलं, सांगते.

आज त्या कामगाराच्या बायकोनं मला दरवाजाआड काय सांगितलं ते आता लिहिते. म्हणाली, "ताई, कंबर गेली तवापासून त्याईले लघवीचं समजत नाही. कपडे मी बदलून देते. मरून जाईन पन तोंडानं सांगनार नाही. तुम्ही बाईच्या कानावर घाला, बाईले म्हना तुमचं तुम्हीच वळखलं असं विचारा. माहं नाव नोका घेऊ. त्याईनं मले आन घातली आहे." तिचा हात माझ्या मनगटावर होता, आणि ती मधूनमधून माझ्या टेबलावरच्या धोट्याकडं बघत होती, उगीच, नजर कुठंतरी ठेवायची म्हणून. मी म्हटलं, "काळजी करू नका. आमच्या बाई सगळं नजरेनंच ओळखतात." तुमचंच वाक्य, बाबा. तोंडातून निघालं आणि तेव्हापासून मी अशी घरभर फिरते आहे.

बाईंनी ओळखलं नव्हतं. त्या पहिल्या दिवशी त्यांना नुसती गाठ दिसली, जशी बोर्डाला दिसली. पितळी पेल्याच्या दिवशी मी क्लासला गेलेच नाही. सीताबर्डीहून तशीच पुढं सदरला गेले, लोखंडी जिना चढले आणि बाईंना सगळं सांगितलं. पेला, फोड, तीन बोटं, आणि हेही, की बाबा पूर्वी आईशी भांडता भांडता गाठ मारायचे आणि आता मान खाली घालून मारतात. तुमच्या गळ्यावरचा हात निघून तासही झाला नव्हता. बाईंनी विचारलं, त्यांना कळलं तर? मी म्हटलं, कळू देऊ नका. त्यांनी ते आजवर पाळलं. सुनावणीत तुम्ही माझ्याकडं बघितलंत तेव्हा मी वहीत डोकं का घातलं, ते हे. आणि सूत शेवटी नाही, सुरुवातीलाच पडलं होतं.

कागद संपत आला. हे कुठं टाकायचं नाही, उद्या ऑफिसात नेऊन तुमच्या जुन्या फायलीत ठेवीन, ती बाईंनी अजून फेकू दिलेली नाही. तुमची आण मी मोडली, बाबा. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा मोडीन. हे तुमच्यासमोर म्हणायची हिंमत मला तेव्हा नव्हती, तुमच्या तापातही नव्हती. आज आली, ती या पाकिटावर घालायला पत्ता नाही म्हणून.